विंडोज १० सुटलं, लिनक्सवर आले. पण कोरल, पेजमेकर आणि मराठी फॉन्टांचं काय?

खिळेजोड (नौपाडा, ठाणे)

नमस्कार मंडळी,

राम मारुती रोडच्या मागच्या गल्लीत माझं डीटीपीचं दुकान आहे, १९९८पासून. त्याआधी वडील एका छापखान्यात खिळे जुळवायचे. लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, पतपेढ्यांचे आणि मंडळांचे अहवाल, स्वखर्चाने निघणारे कवितासंग्रह, दिवाळी अंकांची पानं अशी कामं येतात. आजवर हे सगळं तीन गोष्टींवर चाललं: पत्रिका काढायला कोरल ड्रॉ, पुस्तकांची पानं लावायला पेजमेकर आणि मराठी टायपिंगचा एक जुना प्रोग्राम. त्याचा डोंगल, म्हणजे तो प्रोग्राम चालू करणारी यूएसबीची किल्ली, मी एका मशीनवरून दुसऱ्यावर करत सतरा वर्षं जपलाय.

मशीन २०१६चं आहे, सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम. एसएसडी बसवल्यापासून छान पळतं. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. वर्षभराची वाढीव मुदत घेता येते हे ठाऊक आहे, पण पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा तिथेच उभं राहायचं. विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. मुलीचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आहे, यंदा नवीन मशीन होणार नाही. दिवाळीनंतर भाच्याने विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकून दिलं.

मिंटबद्दल तक्रार नाही. मशीन झटकन सुरू होतं, प्रिंटर त्याने आपणहून ओळखला, लिब्रेऑफिसमध्ये सोसायट्यांची पत्रं होतात. पण माझं पोट पत्रांवर नाही.

कोरलमध्ये माझे हात न बघता चालायचे. मजकूर लावला, कंट्रोल क्यू दाबून कर्व्ह केला (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार केले, मग फॉन्ट लागत नाही), पी दाबून पानाच्या मधोमध आणला, फोटो पॉवरक्लिपने हव्या त्या आकारात बसवला, की पंधरा मिनिटांत पत्रिका उभी. कोरलच्या जागी आता इंकस्केप आहे, त्यात कंट्रोल क्यू म्हणजे प्रोग्रामच बंद. पहिला आठवडाभर 'जतन करायचं का' असं विचारणारी खिडकी दिवसातून दहादा समोर यायची. एका संध्याकाळी मी शटर ओढून नुसती बसून राहिले होते. सत्तावीस वर्षांचं काम बोटांत जाऊन बसलेलं असतं, ते तिथून काढून दुसरं भरायला वेळ लागतो.

त्याहून मोठं दुखणं फॉन्टांचं. गिऱ्हाईक मोठ्या बहिणीच्या लग्नाची २००९ची पत्रिका घेऊन येतं आणि म्हणतं, अक्षर हेच पाहिजे. ते अक्षर त्या डोंगलच्या पलीकडे आहे. एका माघी गणपती मंडळाचा अहवाल मी २००३पासून करते, दरवर्षी मागच्या वर्षीची फाइल उघडून आकडे आणि नावं बदलायची. ती फाइल मिंटवर उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात.

पर्यायांच्या नावांची यादी भाच्याने दिली आहे. मला विचारायचंय ते एवढंच: रोजचं पोट याच कामावर असलेल्या कोणी हा बदल केलाय का? आणि वीस-बावीस वर्षांच्या फायलींचं काय करायचं?

मासुंदा

ताई, धाग्याबद्दल आभार. बाबांचं मशीनही याच पायरीवर आहे. वाचतोय.

घणसोली लोकल

आधी बोटांचं बघू. इंकस्केपच्या प्राधान्यांमध्ये इंटरफेस आणि त्याखाली कीबोर्ड असा भाग आहे. तिथे वर एक यादी उघडते, तिच्यात कोरल ड्रॉच्या शॉर्टकटचा तयार संच आहे. तो निवडा. बऱ्याच किल्ल्या ओळखीच्या होतील. जी राहील ती त्याच खिडकीत हाताने बदलता येते. कर्व्ह करण्याला तिथे ऑब्जेक्ट टू पाथ म्हणतात, त्याला कंट्रोल क्यू देऊन टाका.

पॉवरक्लिपसाठी फोटोवर हवा तो आकार ठेवायचा, दोन्ही निवडायचे आणि ऑब्जेक्ट मेनूतून क्लिप करायचं. त्याच मेनूत क्लिप ग्रुप आहे, तो वापरलात तर नंतर गटात शिरून फोटो सरकवता येतो. मी कॉलेजच्या फेस्टिव्हलची पोस्टरं यावर करतो. अनेक पानांची सोय मे २०२२च्या १.२ आवृत्तीपासून आली आहे, त्याआधीचे व्हिडिओ बघून शिकू नका, गोंधळ होतो.

कोरल ड्रॉ ९ लिनक्ससाठी खरोखरच निघालं होतं, २००० साली, विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनचा आधार घेऊन. पुढच्या आवृत्त्या लिनक्सवर आल्या नाहीत. ते टिकलं असतं तर आज हा धागा कदाचित लागला नसता.

वागळे ऑफसेट

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. माझा वागळे इस्टेटला छोटा छापखाना आहे. तुमच्यासारख्या वीसेक डीटीपीवाल्यांची कामं येतात आणि मला सीडीआर, म्हणजे कोरलची मूळ फाइलच लागते. कारण सांगतो. रात्री अकराला गिऱ्हाईकाचा फोन येतो, वधूच्या मामांचं नाव राहिलं. सीडीआर असली तर माझा ऑपरेटर दोन मिनिटांत घालतो आणि प्लेट काढतो. कर्व्ह केलेल्या पीडीएफमध्ये मामांचं नाव कुठून घालणार? तुम्ही घरी झोपलेल्या असता, लग्न आठ दिवसांवर असतं.

दुसरं, लिनक्सवरून आलेल्या दोन-तीन पीडीएफ मी हाताळल्या आहेत. काळा मजकूर चार रंगांत फुटून आला होता. पडद्यावर काळाच दिसतो, पण प्लेटा चार निघतात, आणि आठ पॉइंटचं अक्षर चार प्लेटांवर केसभर जरी सरकलं तरी कडेला रंगाची झालर येते. एका पुस्तकाचा फॉर्म असा वाया गेला. तेव्हा धंद्याच्या मशीनवर प्रयोग करू नका, जुनं नेटपासून तोडून वापरा, असं माझं मत आहे.

खिळेजोड

दादा, राग कसला, तुमचं दोन्ही बोलणं खरं आहे. मामांचं नाव राहण्याचा प्रसंग माझ्यावर कितीदा आलाय. चार रंगांचं मात्र माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलंत.

घणसोली, किल्ल्या बदलल्या. आज दिवसभरात एकदाही प्रोग्राम बंद झाला नाही. खूप आभार, बाळा.

ऐरोली खाडी

ताई, मी निवृत्त माणूस आहे, एका ग्रंथालयासाठी जुनी हस्तलिखितं टंकून देतो. तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही ज्याला मराठी फॉन्ट म्हणता, त्याच्या फाइलीत संगणकाच्या दृष्टीने मराठी नाहीच. जुन्या सॉफ्टवेअरला जोडाक्षरं जुळवता येत नसत. म्हणून त्या काळच्या कंपन्यांनी इंग्रजी अक्षरांच्या घरांमध्ये आपले आकार बसवले. एका घरात अर्धा श, दुसऱ्यात पूर्ण क, तिसऱ्यात नुसता काना, चौथ्यात रफार. फाइलमध्ये साठवली जाते ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग, आणि अमुक एक फॉन्ट लावला की ती मराठी दिसते. प्रत्येक कंपनीची घरं वेगळी. तुमचे वडील खिळे ज्या खणांच्या केसमधून उचलत, त्यासारखंच हे; फक्त प्रत्येक छापखान्याने खण आपल्या मनाने लावलेले आणि त्याचा नकाशा गिऱ्हाईकाला न दिलेला.

युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेलं घर; त्यात देवनागरी १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. तिचा पाया आपल्याकडच्या इस्की या प्रमाणावर रचलेला आहे. पण पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.० ही २००१ची, आणि मराठी डीटीपीचा सगळा संसार त्याभोवती उभा राहिला. त्यामुळे मोबाइलवर, वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवर मराठी युनिकोडमध्ये गेली आणि पुस्तकांची मराठी त्या खणांतच राहिली.

म्हणून तुम्ही विंडोजवर राहिलात तरी हे दुखणं सुटत नाही. डोंगल गेला, की तुम्हीच जुळवलेला मजकूर तुम्हालाच वाचता येणार नाही. लिनक्समुळे ते दोन वर्षं आधी कळलं एवढंच. आधी मजकूर बाहेर काढा, मग सॉफ्टवेअरचं बघा.

पेजमेकरची फाइल लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये उघडून बघा, ४.४ आवृत्तीपासून ती सोय आहे. पेजमेकरसारखाच पानं लावायचा स्क्रायबस हा मुक्त प्रोग्राम आहे, त्याच्या नव्या आवृत्त्याही उघडतात. सीडीआर इंकस्केप आणि ड्रॉ दोन्हींत बऱ्याच अंशी उघडते. मांडणी मोडली तरी हरकत नाही, आपल्याला आतली अक्षरांची रांग हवी आहे. ती मिळाली, की कुठलं घर म्हणजे कुठला आकार याची यादी करायची आणि छोट्या पायथन स्क्रिप्टने, म्हणजे लहानशा प्रोग्रामने, बदलून घ्यायचं.

दोन ठिकाणी सांभाळा. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते, आणि जोडाक्षर असेल तर ते पूर्ण संपल्यावर. 'स्थिती'मधली वेलांटी स आणि थ दोघांना ओलांडून न्यावी लागते. रफाराचं उलटं: 'धर्म'मध्ये तो जुन्या फाइलीत म च्या नंतर असतो, युनिकोडमध्ये र् म्हणून आधी यायला हवा. नुसतं शोधा-बदला केलं तर ही दोन्ही ठिकाणं बिघडतात.

घरांची यादी तुम्ही केलीत तर स्क्रिप्ट मी लिहून देतो.

वाशी सेक्टर १७

थोडं अवांतर, पण दुखणं तेच म्हणून लिहिते. मी हिशेबाचं काम करते, आणि लिनक्सवर येऊन मला टॅलीची आठवण रोज येते. टॅली लिनक्ससाठी नाही. आकडे भरताना माऊसला हात लावावा लागत नाही, एफ ५ पेमेंट, एफ ८ विक्री, एफ ९ खरेदी. एका दुपारी महिन्याची बिलं संपतात. ग्नूकॅश चांगलं आहे, घरचा हिशेब मी त्यातच ठेवते. पण १ जुलै २०१७पासून जीएसटी आला, आणि तुर्भ्याच्या मार्केटातले माझे सगळे व्यापारी मला टॅलीचा बॅकअपच पाठवतात. मी एकटीने दुसरं निवडून भागत नाही.

मी काय केलं ते सांगते. ऑफिसात एक छोटं विंडोज ११चं मशीन कोपऱ्यात ठेवलं, त्याला पडदाही नाही. माझ्या लिनक्सवरून रेमिना नावाच्या प्रोग्रामने त्यावर शिरते. टॅली पडद्यावर तशीच दिसते, किल्ल्याही त्याच. बाकी ईमेल, पोर्टल, पत्रव्यवहार लिनक्सवर. दोन ग्राहकांना मात्र ईआरपीनेक्स्ट या हिशेबाच्या प्रोग्रामवर आणलं. ते मुक्त आहे, ब्राउझरमध्ये चालतं आणि बनवणारे मुंबईचेच आहेत. ते दोघे नवीन धंदेवाले होते, जुना साठा नव्हता, म्हणून जमलं.

खिळेजोड

ताई, अवांतर अजिबात नाही. 'जुना साठा नव्हता म्हणून जमलं' हे वाचून थांबले.

ऐरोली काका, तुमचा प्रतिसाद मी छापून भिंतीला लावलाय. वडिलांची केस आठवली. कुठल्या खणात काय हे त्यांना अंधारातही कळायचं आणि शिकाऊ मुलांना ते पहिल्या दिवशी खणांचा नकाशा काढून द्यायचे. तो नकाशा मला माझ्या प्रोग्रामकडून कधी मिळाला नाही आणि मी कधी मागितलाही नाही. यादी करायला आजच बसते.

बेलापूर ड्राफ्टिंग

आमच्याकडे ऑटोकॅड. आर्किटेक्ट, महापालिकेचा नकाशा, स्ट्रक्चरल इंजिनिअर, सगळीकडे त्याची डीडब्ल्यूजी फाइल फिरते. लिब्रेकॅड साध्या द्विमितीय कामाला ठीक, फ्रीकॅडची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४मध्ये आली, ती यंत्रभागांसाठी उत्तम. पण पुनर्विकासाचे मोठे नकाशे मी तिथे नेऊ शकलो नाही. शेवटी ब्रिक्सकॅड घेतलं. पैसे पडतात, मुक्त नाही, पण लिनक्ससाठी बनवलेलं आहे आणि डीडब्ल्यूजी सरळ उघडतं. लिनक्सवर आलं म्हणजे सगळं फुकटच असायला हवं हा हट्ट मी सोडला.

तिसरी घंटा

आम्ही हौशी नाटकांचं चित्रीकरण करतो. दाविंची रिझॉल्व्ह हा व्हिडिओ संपादनाचा प्रोग्राम लिनक्सवर मिळतो, पण फुकट आवृत्ती तिथे एच.२६४ या नेहमीच्या प्रकारची फाइल घेत नाही. आधी एफएफएमपेगने डीएनएक्सएचआर या जास्त जागा खाणाऱ्या प्रकारात बदलून घ्यावी लागते, डिस्क भराभर भरते. केडेनलाइव्हवर आलो, आमच्या कामाला पुरतं.

खिळेजोड

चार दिवसांनी लिहितेय. १४६ घरांची यादी झाली. काकांनी दोन रात्रींत स्क्रिप्ट पाठवली. पहिला प्रयोग म्हणून २००७चं एक भटकंतीचं पुस्तक घेतलं, १२८ पानांचं. लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये फाइल उघडली, चौकटी इकडच्या तिकडे झाल्या, पण मजकूर पूर्ण मिळाला. स्क्रिप्ट चालवली आणि पडद्यावर मराठी आली. माझी स्वतःची, एकोणीस वर्षांपूर्वी जुळवलेली. शोधता येते, मोबाइलवर पाठवता येते.

मग प्रूफ वाचायला बसले आणि सातव्या पानावर अडकले. मूळ पुस्तकात 'सह्याद्रीच्या दऱ्या' होतं. बदललेल्या मजकुरात 'सह्याद्रीच्या दर्या' झालं. पुस्तकभर असंच: दुसर्या, किनार्यावर, पायर्या. माझ्या जुन्या फॉन्टात त्या र ला स्वतंत्र घर होतं, आडव्या रेघेसारखं, आणि मी यादीत ते रफाराबरोबर लिहून बसले. आपल्या भाषेत दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. हे चुकलेलं पुस्तक मी कोणाला देणार नाही.

ऐरोली खाडी

ताई, छान पकडलंत, आणि चूक तुमची एकटीची नाही. मी स्क्रिप्ट लिहिताना विचारायला हवं होतं. हिंदीत हा र लागत नाही, म्हणून फुकट मिळणारे बरेच कन्व्हर्टर याला रफारच समजतात.

युनिकोडमध्ये हा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, नुक्तावाला ऱ, हलन्त आणि मग य. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्याला चिकटून एक न दिसणारा जोडक. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात, पण संगणकाला वेगळे. एका तऱ्हेने शोधलं तर दुसरीने लिहिलेला शब्द सापडत नाही. मी पहिली तऱ्हा ठेवली आहे, सगळ्या फायलींत तीच पाळू. सुधारलेली स्क्रिप्ट पाठवली.

कळवेकर

फायली बाहेर काढेपर्यंत जुनं सॉफ्टवेअर लागणारच, त्याची सोय सांगतो. व्हर्च्युअलबॉक्स लिनक्सच्या आत दुसरं मशीन उभं करतं, त्यात विंडोज ७ टाका, परवाना तुमच्याकडे असेलच. त्याचं नेटवर्क बंद ठेवा आणि फायलींची देवाणघेवाण सामायिक फोल्डरमधून करा. यूएसबीचा डोंगल आतल्या विंडोजला देता येतो, पण त्यासाठी लिनक्समध्ये तुमचं खातं व्हीबॉक्सयूझर्स या गटात असावं लागतं. हे न केल्यामुळे डोंगल दिसतच नाही आणि लोक सोडून देतात. गटात घातल्यावर एकदा बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा. आठ जीबीत आतल्या विंडोजला तीन जीबी द्या, पेजमेकरसारख्या जुन्या प्रोग्रामला पुष्कळ होते.

वाइनवरही जुने प्रोग्राम चालतात, १९९३पासून त्यावर काम चालू आहे. पण डोंगल आला की मी वाइनच्या वाटेला जात नाही.

खिळेजोड

कळवेकर, डोंगल दिसला! 'तोच फॉन्ट पाहिजे' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी आता तेवढी शीर्षकाची ओळ आतल्या विंडोजमध्ये टाइप करून कर्व्ह करते आणि पीडीएफने बाहेर आणते. बाकीची पत्रिका इंकस्केपमध्ये. अख्खी पत्रिका त्या फॉन्टात कोणालाच नको असते, हे करून बघितल्यावर लक्षात आलं. लोकांना वधूवरांची नावं आणि 'शुभविवाह' तेवढं जुन्या वळणाचं हवं असतं.

मासुंदा

ताई, लिनक्सवर मराठी टाइप कशाने करता? बाबांना जुनी टाइपरायटरची सवय आहे.

खिळेजोड

आयबस हा टायपिंगचा प्रोग्राम आणि त्याचं एम-सतरा-एन हे पॅकेज टाका. त्यात इनस्क्रिप्ट आहे, उच्चाराप्रमाणे टाइप करायची सोय आहे, आपल्या संकेतस्थळांवरून ओळखीची झालेली गमभनही आहे. टाइपरायटरच्या वळणाची मांडणीही मिळते. मी स्वतः इनस्क्रिप्ट शिकतेय. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, ही रचना मनात बसली की बोटं आपोआप ताल धरतात. तीन आठवड्यांत जुन्या वेगाच्या निम्म्यावर आलेय. संध्याकाळी अर्धा तास वर्तमानपत्रातला अग्रलेख टंकते.

वागळे ऑफसेट

माघी अहवालाचं काय झालं? मंडळाचे कार्यकर्ते माझ्याकडे चौकशी करून गेले.

खिळेजोड

दादा, उद्या सकाळी फाइल येईल. ४८ पानं, स्क्रायबसमध्ये लावली. जानेवारी २०२४ला १.६ आली, तीत जोडाक्षरं नीट जुळतात. त्याआधीची १.४ मी एकदा बघून टाकून दिली होती, तीत मराठीचे तुकडे पडायचे. काळ्या मजकुराला स्क्रायबसमधला नुसता ब्लॅक दिलाय, त्यात सायन, मॅजेंटा, यलो शून्य. छपाईसाठी असते ती पीडीएफ एक्स-३ काढली आहे. मुखपृष्ठावरचं मंडळाचं चिन्ह इंकस्केपमधून आलंय आणि ते पडद्याचे आरजीबी रंग देतं, म्हणून स्क्रायबसमध्ये आणल्यावर ते हाताने छपाईच्या चार रंगांचे, म्हणजे सीएमवायके, केले. प्लेट काढण्याआधी रंग वेगळे करून एकदा बघाल का?

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. पहिल्या प्रुफात ल आणि श हिंदी वळणाचे आले. मंडळाचे जुने चिटणीस लगेच म्हणाले, हे आपलं अक्षर नाही. मला वाटलं फॉन्ट चुकला. मग कळलं, की मराठी वळणाचे ल आणि श त्याच फॉन्टात असू शकतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. मी ती हिंदी ठेवली होती. भाषा मराठी केली आणि पानभर ल फिरले. त्या क्षणी दुकानात एकटीच होते, तरी मोठ्याने 'आहे की!' म्हणाले. सगळ्या फॉन्टांत ही सोय नसते, ज्यांना वापरायचंय त्यांनी आधी 'लाल शाल' टाइप करून बघावं.

वागळे ऑफसेट

ताई, बघितलं. काळा मजकूर एका प्लेटवर आहे, तीन प्लेटांवर त्याचा ठिपकाही नाही. चिन्हाचा शेंदरी किंचित मळका वाटला, मॅजेंटा पाच टक्के कमी करून पुन्हा पाठवा.

आणि मामांच्या नावाचं मी विचार करत होतो. तुम्ही पीडीएफबरोबर स्क्रायबसची मूळ फाइल आणि फॉन्टही पाठवा. मी ऑपरेटरच्या मशीनवर स्क्रायबस टाकून घेतलंय, ते विंडोजवरही चालतं. फॉन्ट मुक्त असल्यामुळे पाठवायला अडचण नाही ना?

खिळेजोड

काहीच अडचण नाही. मुक्ता वापरलाय, मुंबईच्याच एक टाइपने केलेला, परवाना मुक्त आहे. आजवर फॉन्ट दुसऱ्याला देताना मनात धाकधूक असायची, म्हणून तर कर्व्ह करून द्यायची सवय लागली. शेंदरी सुधारून रात्री पाठवते.

घणसोली लोकल

ताई, यादी आणि स्क्रिप्ट इथे टाकाल का? कोपरखैरण्यात माझ्या मित्राच्या आईचंही असंच दुकान आहे, तिच्याकडे वेगळ्या कंपनीचा फॉन्ट आहे. घरं वेगळी असली तरी स्क्रिप्ट तीच चालेल ना?

ऐरोली खाडी

चालेल. वेलांटी, रफार आणि ऱ्य यांचे नियम वेगळे ठेवले आहेत, फक्त घरांची यादी बदलायची. काकूंना सांगा, कागदावर अ पासून ज्ञ पर्यंत सगळी अक्षरं, सगळी जोडाक्षरं आणि अंक त्या फॉन्टात टाइप करा आणि छापून ठेवा. मशीन चालू आहे तोवर हे एक पान करून ठेवलं तरी निम्मं काम झालं.

खिळेजोड ताई, तुमच्या यादीत क्ष दोन घरांत आहे, ८१ आणि ११४. एक चुकलंय का?

खिळेजोड

बघितलं काका. ११४ चुकीचं नाही, तो अर्धा क्ष आहे, 'लक्ष्मी'साठी. मी पूर्ण म्हणून लिहिला होता, त्यामुळे सगळ्या पत्रिकांत 'लक्षमी' झालं असतं. सुधारून पुन्हा पाठवलीय. २००३ ते २००७च्या फायली झाल्या, आता २००८ची सीडी लावतेय. पहिल्या झटक्यात वाचली नाही, पुसून पुन्हा घातली तेव्हा फोल्डर दिसले.